गोड्या पाण्यातली बोट आणि आमची खारी खाडी

मालवणजवळ देवबागात आमच्या घराच्या पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला कर्ली नदी. मधे माडांची पट्टी, एक रस्ता आणि आम्ही. पाहुणे समुद्राकडे तोंड करून बसतात. आम्ही मात्र सकाळी उठलो की आधी खाडीकडे बघतो. वारा सुटायच्या आत, साधारण साडेनऊपर्यंत, पाणी इतकं निवांत असतं की पलीकडच्या कोरजाईचे माड त्यात उलटे उभे दिसतात.

मागच्याच्या मागच्या मे महिन्यात मुलं दुबईला काकाकडे गेली आणि लेक तिथे वेकबोर्डवर उभी राहून आली. दोन्ही पाय एकाच फळीत अडकवायचे, हातात दोरीची मूठ धरायची आणि बोटीने ओढायचं. बोटीमागे उठणारी लाट म्हणजे वेक. त्या लाटेवरून इकडून तिकडे जायचं, जमलं तर उडायचं. लेक तेव्हा तेराची, धाकटा दहाचा. परत आल्यावर लेकीने चहा पिता पिता खाडीकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, तिथे लोक असलं पाणी मिळावं म्हणून पैसे मोजतात."

धाकट्याने लगेच धामापूरचा तलाव सुचवला, तिथे तर पाणी हलतसुद्धा नाही म्हणून. 1530 साली बांधलेला तलाव, मालवणकर त्याचं पाणी पितात, त्यात पेट्रोलची बोट घालायची कल्पना ऐकूनच आबांनी (माझे सासरे) त्याच्याकडे असं बघितलं की पोरगा उठून अंगणात गेला.

घरचे हिशेब मी बघते. आमच्या चार खोल्यांच्या होमस्टेचे, आणि त्यामुळे बाकीचेही. नव्या बोटीचा प्रश्नच नव्हता. जुन्या बोटीसाठी बारा लाखांच्या वर जायचं नाही असं नवऱ्याने आणि मी ठरवलं, आणि त्यातले दीड लाख दुरुस्तीला बाजूला काढून ठेवले. ही दुसरी गोष्ट आम्ही न शिकता, निव्वळ घर दुरुस्त करण्याच्या अनुभवावरून केली, आणि तीच पुढे उपयोगी पडली.

आबांचं आयुष्य मासेमारीत गेलं. आधी उलांडीची (बाजूला आधाराचं लाकूड असलेली) लाकडी होडी, मग फायबरची. त्यांना मी मोबाईलवर वेकबोर्डची खास बोट दाखवली. वर कमानीसारखा टॉवर, गाद्या, स्पीकर. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि विचारलं, "रोज धुवतलो कोण तिका?"

मी हसले. तो प्रश्न तेव्हा वहीत लिहून ठेवायला हवा होता.

पहिली बोट अलिबागच्या बाजूला एका शेडमध्ये होती. मालक मुंबईचे, मुलं शिकायला परदेशी गेलेली, बोट पडून. रात्री निघून सकाळी पोचलो. आबाही आले, नको म्हणत असताना.

बोट देखणी होती ह्यात शंका नाही. ही अस्सल जात. अशा बोटींचं इंजिन आतमध्ये, अगदी मागच्या टोकाला, उलटं बसवलेलं असतं. त्याचा दांडा आधी पुढे जातो, गिअरबॉक्समधून वळतो आणि बोटीच्या पोटाखालून मागे येतो. ह्याला व्ही-ड्राइव्ह म्हणतात. सगळं वजन मागे येतं, बोट मागून बसते आणि लाट मोठी उठते. तेवढ्यानेही भागत नाही म्हणून पोटात टाक्या असतात. पंपाने शेकडो लिटर पाणी आत घ्यायचं आणि बोट मुद्दाम जड करायची. ज्यांचं सगळं आयुष्य होडीतलं पाणी बाहेर उपसण्यात गेलं त्या आबांना हे समजावताना माझी पंचाईत झाली. टॉवर असतो तो दोरी उंचावर बांधता यावी म्हणून. ओढ वरून आली की उडी मारणाऱ्याला ती खाली खेचत नाही.

आणि ह्या रचनेत घरच्यांसाठी एक खरी सोय आहे, ती मान्य करायला हवी. बोट ढकलणारा पंखा (प्रोपेलर) बोटीच्या पोटाखाली, मागच्या फळीच्या बराच पुढे असतो. पाण्यात उतरणाऱ्या मुलाच्या पायाजवळ तो येत नाही. मागे लटकवलेल्या इंजिनाचा, म्हणजे आउटबोर्डचा, पंखा उघडाच असतो.

मालकांच्या माणसाने पाइप लावून इंजिन सुरू केलं. एका फटक्यात लागलं. नवरा माझ्याकडे बघून हसला. आबा मात्र सुरू व्हायच्या आधीच झाकणाखाली हात घालून आले होते. ते माझ्या कानाशी म्हणाले, "ह्यां इंजिन आधीच गरम कित्याक?"

आम्ही यायच्या आधी ते चालवून ठेवलेलं होतं. गरम इंजिन कुणाचंही लागतं. थंड इंजिन लागायला किती वेळ घेतं, धूर कोणत्या रंगाचा येतो, सुरुवातीला कुठे अडखळतं, हेच तर बघायचं असतं. त्या दिवसापासून फोनवर माझं पहिलं वाक्य ठरून गेलं: "आम्ही आल्याशिवाय चावी लावू नका."

मी मग थंड करण्याच्या पद्धतीबद्दल विचारलं, कारण तेवढा अभ्यास करून गेले होते. इंजिन थंड ठेवायला काही बोटी बाहेरचं पाणी सरळ इंजिनातून फिरवतात. काहींमध्ये मोटारीसारखं कूलंट आत फिरतं आणि बाहेरचं पाणी फक्त ते कूलंट थंड करतं. मास्टरक्राफ्ट आणि मलिबू ह्या दोन्ही नावाजलेल्या कंपन्या अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या. तिथून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तळ्यांच्या आणि धरणांच्या गोड्या पाण्यावर हा खेळ वाढला, आणि पहिल्या प्रकारची पुष्कळ इंजिनं त्या पाण्यात वर्षानुवर्षं सुखाने चालतात. तीच बोट खाऱ्या पाण्यात घातली की मीठ थेट इंजिनाच्या पोटात जातं. सगळ्यात आधी खलास होतात ते धूर बाहेर नेणारे लोखंडी मॅनिफोल्ड. ते आतून गंजून फुटले की पाणी सिलिंडरमध्ये उतरतं आणि इंजिन संपतं. खाऱ्या पाण्यात हे भाग पाच-सात वर्षांनी बदलायचेच असं धरून चालतात.

ही बोट त्या पहिल्या प्रकारचीच होती आणि चार मोसम मांडव्याच्या समुद्रात चाललेली. मॅनिफोल्ड कधी बदलले? माणसाने मालकांना फोन लावला. मालक म्हणाले, काही बदलावं लागलंच नाही, बोट एकदम टकाटक आहे. बोलीत ही स्तुती आहे. हिशेबाच्या वहीत ती उधारी होते.

किंमत 24 लाख सांगितली होती, म्हणजे आमच्या बजेटच्या दुप्पट. मग गेलोच कशाला? नवऱ्याला वाटत होतं, पडून आहे तर अर्ध्यावर येतील. खरं सांगायचं तर मलाही एकदा त्या गादीवर बसून बघायचं होतं. बसले. छान आहे.

परतीच्या वाटेवर आबांनी आमच्या पाण्याचा मुद्दा काढला. त्या बोटीचा दांडा, पंखा आणि सुकाणू पोटाखाली पक्कं. वर उचलता येत नाही. आमच्या संगमावर वाळूचे दांडे दर पावसाळ्यानंतर जागा बदलतात आणि उधाणाच्या ओहोटीला दोन मीटरच्या आसपास पाणी उतरतं. सकाळी जिथून सुखाने गेलो तिथे दुपारी गुडघाभर पाण्यात बायका मुळे, म्हणजे शिंपले, काढत असतात. त्या वाळूत एकदा बोटीचा दांडा वाकला की मालवणात तो सरळ करणारा कुणी नाही. आउटबोर्ड असेल तर बटण दाबून वर उचलायचा आणि उतरून ढकलायचं. महाडजवळ चहाला थांबलो तेव्हा आबांनी शेवटचा शेरा दिला, "हिका न्हाणीत ठेवक व्हयी."

लेकीला घरी आल्यावर हे सांगणं माझ्या वाट्याला आलं. ती रडली नाही, पण दोन दिवस तिने माझ्याशी फक्त गरजेपुरतं बोलायचं ठरवलं होतं.

दुसरी बोट अगदी जवळची, मालवणातली. वॉटर स्पोर्ट्सवाल्याची, बनाना राइड ओढणारी. ह्या बोटीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. फक्त तीन लाख, इंजिनला तासांचा मीटर नाही, आणि नवा निळा रंग. आबांनी खिशातून दहाचं नाणं काढून मागच्या फळीवर, म्हणजे जिथे इंजिन टांगतात त्या ट्रान्समवर, टकटक करत नेलं. टक, टक, टक, आणि मग एका जागी थप. फायबरच्या आत प्लायवुडचा गाभा असतो. स्क्रूच्या भोकातून पाणी शिरलं की तो आतल्या आत कुजतो आणि बाहेरून काहीही दिसत नाही. नवऱ्याने इंजिन डोक्याला धरून खालीवर हलवलं, तर इंजिनाबरोबर ट्रान्समही किंचित डोलला. "लाकूड कुसलाहा," एवढंच बोलून आबा चपला शोधायला गेले. ज्या ट्रान्समवर शंभर-दीडशे किलोचं इंजिन आणि त्यावर दोरीची ओढ येणार, तो डोलता कामा नये. पाच मिनिटांत विषय संपला.

त्यानंतर दोन महिने काही नाही. नारळी पौर्णिमा झाली, गणपती झाले. ह्या काळात मी एक बरं काम केलं: आपल्याला नक्की काय ओढायचंय ते लिहून काढलं. वेकबोर्डला ताशी 30 ते 37 किलोमीटरचा वेग लागतो. मुलांना तर 22-25 पुरतो. मोठी लाट उडी मारणाऱ्याला लागते. शिकणाऱ्या पोराला ती नकोच असते, ती ओलांडतानाच तो तोंडावर पडतो. म्हणजे ज्या मोठ्या लाटेसाठी व्ही-ड्राइव्ह, टाक्या आणि 300 च्या वर अश्वशक्तीचं इंजिन हवं, ती लाटच आम्हाला पुढची तीन-चार वर्षं नको होती. अठरा फुटी फायबर बोट आणि शंभरच्या थोडं वर अश्वशक्तीचा फोर-स्ट्रोक आउटबोर्ड पुष्कळ झाला. पेट्रोलचंही बघा. ती मोठी बोट तासाला वीस लिटरच्या आसपास पिते, आउटबोर्डचं बारा-चौदा लिटरमध्ये भागतं. शिवाय आमच्या किनाऱ्यावर यामाहाचा आउटबोर्ड उघडून परत बसवणारा मेस्त्री हाकेच्या अंतरावर मिळतो. अमेरिकन व्ही-एट इंजिनाचा सुटा भाग मागवायचा तर मोसम संपेल.

लेकीला एक गोष्ट मात्र स्वच्छ सांगावी लागली. वेकसर्फिंग नावाचा जो दुसरा प्रकार आहे, दोरी सोडून बोटीच्या अगदी जवळ लाटेवर उभं राहायचं, तो आउटबोर्डच्या मागे कधीच करायचा नाही. पडलं की माणूस बोटीच्या जवळ पडतो आणि पंखा उघडा असतो. ती म्हणाली, "मला माहितेय." तिला खरंच माहीत होतं. दुबईत शिकवलं होतं.

तिसरी बोट गोव्यातली. मांडवीच्या काठी एका निवृत्त गृहस्थांची, 2013 सालची अठरा फुटी, पुढेही बसायला जागा असलेली, 115 अश्वशक्तीचा यामाहा. साडेअकरा लाख. फोनवर मी माझं ठरलेलं वाक्य म्हटलं. पलीकडून उत्तर आलं, "चावी तुमच्याच हातात देतो." तिथेच मला अर्धी बोट आवडली.

पोचलो तेव्हा बोट जेटीला बांधलेली होती. आबा म्हणाले, "आधी भायर काढूया. पाण्यात खयचीव होडी बरीच दिसता." मालकांनी कुरकुर न करता ट्रेलर आणवला.

मग दोन तास आम्ही त्या बोटीभोवती फिरलो. बरोबर आमच्या वाडीतला मेस्त्री होता, त्याला दिवसाचे पैसे देऊन नेलं होतं. ते पैसे वाचवू नका, एवढंच मी कुणालाही सांगेन. आबांनी नाण्याने सगळा ट्रान्सम, तळ आणि नाळ (पुढचं टोक) वाजवून काढली. सगळीकडे टक. मी अनवाणी होऊन बोटीत पावलागणिक उभी राहिले, जमीन कुठे मऊ लागते का बघायला. डाव्या सीटखाली वीतभर जागा दबत होती. तिथे ड्रेनचं भोक बुजलं होतं आणि पाणी साचत होतं. सीटचा फोम दाबला तर इडलीच्या फडक्यासारखं पाणी गळलं.

मेस्त्रीने इंजिनाच्या खालच्या भागातलं गिअर ऑइल थोडं काढलं. ते दुधी असेल तर सील गेलं, पाणी आत शिरतंय. हे काळपट पण स्वच्छ होतं. मग चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजलं. आकडा किती येतो ह्यापेक्षा चौघांत फरक किती हे महत्त्वाचं, दहा टक्क्यांच्या आत असावा. होता. अ‍ॅनोड म्हणून जस्ताचे तुकडे इंजिनावर बसवलेले असतात. खारं पाणी धातू खातं, तेव्हा आधी हे तुकडे खावेत म्हणून. ह्या बोटीचे अर्धे झिजले होते, म्हणजे काम करत होते. जुन्या इंजिनावर अ‍ॅनोड कोरा करकरीत दिसला किंवा त्यावर कुणी हौसेने रंग मारलेला असला तर शंका घ्यायची, असं मेस्त्री म्हणाला. तो काम करत नसेल तर पाणी दुसरं काहीतरी खात बसलेलं असतं.

मीटरवर 412 तास होते. मला आधी वाटायचं, तास कमी तितकं चांगलं. मेस्त्रीचं मत उलटं. अकरा-बारा वर्षांत दीडशे तास चाललेलं इंजिन तो घेणार नाही म्हणाला, पडून राहिलेल्या इंजिनात पेट्रोल सडतं, रबर चिकटतं. आता तर पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि कोकणच्या हवेत पाण्याला काय तोटा. फार दिवस टाकीत राहिलं की पाणी आणि इथेनॉल खाली बसतं आणि इंजिन नेमकं खालूनच ओढतं. ह्या बोटीच्या इंधनाच्या नळ्या जुन्या होत्या, वाकवल्या की बारीक भेगा दिसत. त्या बदलायच्या यादीत गेल्या.

मालकांकडे एक वही होती. प्रत्येक फेरीची तारीख, तास, आणि शेवटच्या रकान्यात "धुतली". कधी त्यांच्या अक्षरात, कधी बायकोच्या, कधी बहुधा नातवाच्या. मी ती वही आबांना दाखवली. आबा वाचत नाहीत फारसं, पण तो रकाना त्यांनी बोटाने वरपासून खालपर्यंत फिरवला.

पाण्यात चाचणी घेतली तेव्हा एक गोष्ट निघाली. पूर्ण वेग दिला तर ह्या जातीच्या आउटबोर्डचे फेरे मिनिटाला पाच ते सहा हजार व्हायला हवेत. हा 4,700 वर अडकला. नवऱ्याचं तोंड उतरलं. मेस्त्रीने पंख्यावरचा आकडा वाचला, 19 इंच पिच. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा पुढे किती सरकू बघतो ते अंतर. ते जास्त असणं म्हणजे मोटार तिसऱ्या गिअरमध्ये सुरू करण्यासारखं. 17 चा पंखा घातला की फेरे तीन-चारशेने वाढतात, आणि ओढायच्या कामाला तोच बरा, कारण पाण्यात बसलेल्या माणसाला उचलून उभं करायला सुरुवातीची ओढ लागते. मालक फक्त फिरायला वापरत होते, त्यांना 19 चालत होता. दोष होता, पण इंजिनाचा नव्हता. भाव करायला मात्र तो कामी आला.

आणखी काय निघालं? सुकाणूची केबल जड. बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा बिल्ज पंप मेलेला. ट्रेलरच्या चाकांचे बेअरिंग गंजलेले. खाऱ्या पाण्यात बुडणाऱ्या ट्रेलरचं हे ठरलेलंच आहे. गॅल्व्हनाइज्ड नसता तर ट्रेलरच उरला नसता. मी कागदावर दुरुस्तीची बेरीज मांडली आणि तो कागदच मालकांच्या हातात दिला. घासाघीस अशी झालीच नाही. त्यांनी बेरीज परत तपासली, एके ठिकाणी माझी चूक काढली, ती माझ्याच तोट्याची होती, आणि नऊ लाख नव्वद हजारांवर आले.

कागदपत्रांचं थोडक्यात. नोंदणीपत्रावरचा बोटीचा नंबर आणि इंजिनाचा नंबर आम्ही प्रत्यक्ष घासून, टॉर्च लावून जुळवले. इंजिनाची नंबरपट्टी नसेल तर तिथूनच घरी या. कर्ज नसल्याचं पत्र, विक्रीचा करार, विमा. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार एका राज्यातली नोंदणी देशभर धरली जाते, पण मालकी बदलाची नोंद करावीच लागते. नवरा बोट घ्यायच्या आधीच मालवणच्या बंदर कार्यालयात जाऊन काय काय लागेल त्याची यादी लिहून घेऊन आला होता. पैसे देण्याआधी जा, नंतर नको.

बोट ट्रेलरवरून घरी आली तेव्हा वाडीतले सगळे बघायला जमले. एकाने विचारलं, "काय भाड्यान देतलास?" दुसऱ्याने विचारलं, जाळं कुठे ठेवणार.

दुरुस्तीला पंच्याऐंशी हजार गेले. त्यात एक स्टेनलेसची कमान आली, अस्सल टॉवरइतकी उंच नाही, पण दोरी इंजिनाच्या वरून जाते. दोरी वेकबोर्डची, न ताणणारी, वीस मीटरच्या थोडी वर. ताणणारी नायलॉनची दोरी वापरली तर सुटल्यावर गोफणीसारखी बोटीत येते. पाहुण्यांसाठी ठेवलेली लाइफ जॅकेटं मुलांना ढगळ होती. पडल्यावर जॅकेट वर आणि पोर खाली अशी गत. मापाची घेतली.

आणि काही नियम झाले. बोट चालवायला नवरा असेल तर मागे तोंड करून बघायला दुसरं कुणीतरी बसलंच पाहिजे, त्याशिवाय दोरी बाहेर काढायची नाही. किल-स्विचची (चालवणारा पडला तर इंजिन बंद करणाऱ्या खटक्याची) दोरी चालवणाऱ्याच्या मांडीला. कुणीही पाण्यातून बोटीकडे येत असेल तेव्हा इंजिन बंद. न्यूट्रल नाही, बंद. आणि इंजिन चालू असताना मागच्या फळीवर कुणीही बसायचं, लटकायचं नाही. ह्याचं कारण पंख्यापुरतं नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड तिथेच घोटाळतो. त्याला वास नसतो. मोकळ्या हवेत माणूस गुदमरेल कसा असं वाटतं, पण त्या जागी बसलेली माणसं बेशुद्ध होऊन पाण्यात घसरली आहेत. हा नियम मी पाहुण्यांच्या नियमांसारखा लॅमिनेट करून बोटीत चिकटवलाय, मुलं हसतात तरी.

पहिला दिवस जानेवारीतला. भरती साडेआठला पूर्ण होणार होती, म्हणून पावणेआठला निघालो. वरच्या बाजूला, होड्या आणि जाळी नसलेल्या पट्ट्यात गेलो. जाळ्याच्या बोयांपासून लांब, आणि एखादा माणूस लहान होडीत उभा असेल तर वेग उतरवून. आपली लाट आपल्याला खेळ असते, त्याला ती पाय घसरायचं कारण असते. हे आबांनी सांगायची गरज नव्हती, पण त्यांनी तीनदा सांगितलं.

मागे बघायचं काम आबांनी मागून घेतलं. लेकीने त्यांना खुणा शिकवल्या: अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, खाली म्हणजे कमी करा, गळ्यावरून आडवा हात म्हणजे थांबवा, डोक्यावर थापटलं म्हणजे आता परत चला. आबांनी सगळ्यांना मान डोलावली. पहिल्या ओढीला ती उठलीच नाही, फळी पाण्यात आडवी आणि खाडीभर फेस. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा गुडघे छातीशी, हात सरळ, आणि नवऱ्याने वेग हळू वाढवला. ती उठली. कर्लीच्या पाण्यावर, कोरजाईच्या उलट्या माडांवरून माझी पोरगी सरळ उभी चालली होती आणि मला चष्मा पुसायचं सुचत नव्हतं.

तिने आनंदाने स्वतःच्या डोक्यावर हात मारला.

"चेडूचां डोक्या दुखता!" आबा ओरडले. नवऱ्याने दचकून इंजिन बंद केलं आणि ती पाण्यात बसली. त्यानंतरचा पाव तास खाडीत कोण कोणाला काय बोललं ते इथे लिहीत नाही.

आमच्या वहीतही आता शेवटचा रकाना "धुतली" आहे. प्रत्येक फेरीनंतर इंजिनाला गोड्या पाण्याचा पाइप लावून पंधरा मिनिटं, मग बोट, मग ट्रेलर. वार लावून दिलेत. सोमवार-गुरुवार लेक, बुधवार-शनिवार धाकटा, बाकी आम्ही. धाकटा वार चुकवतो आणि दुसऱ्याच्या अक्षरात "धुतली" लिहितो, पण अक्षर त्याला जमत नाही.

मेच्या अखेरीस बोट वर काढली. टाकी रिकामी केली, इंजिन झाकलं, ड्रेनची बुचं काढून ठेवली आणि आबांच्या जुन्या होडीशेजारी, माडाखाली, वर ताडपत्री आणि त्यावर झापं घालून ठेवली. संध्याकाळी मी हिशेबाला बसले. मीटर 451 वर. म्हणजे ह्या मोसमात 39 तास. वहीतल्या लेकीच्या आणि धाकट्याच्या फेऱ्यांची बेरीज केली तर ती 16 भरत होती. दोनदा केली. नवरा म्हणाला त्याच्या सहा धर.

उरलेल्या सतरा तासांबद्दल आबांना विचारलं. ते ओटीवर गरीची, म्हणजे मासे धरायच्या गळाची, दोरी गुंडाळत बसले होते. वर न बघता म्हणाले, "धुतली आसा बघ दर टायमाक."